पश्चिमेच्या घरी ठेवलेले प्रस्थान

हॅनोव्हरच्या चौकाचौकांत श्पार्गेलच्या, म्हणजे पांढऱ्या शतावरीच्या, टपऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. मातीच्या वरंब्यांखाली, उजेडाचा किरणही लागू न देता वाढवलेले हे पांढरे, अंगठ्याएवढे जाड कोंब एप्रिलच्या मध्यावर येतात आणि चोवीस जूनला टपरीसकट नाहीसे होतात. एरवी गाडी उशिरा सुटल्याखेरीज कशानेही विचलित न होणारा जर्मन माणूस या दिवसांत चक्क हळवा होतो. शेजारी एकमेकांना सोलण्याच्या सुऱ्या दाखवतात. लोणी वितळवून घालावे की सॉस करावा यावर सभ्य माणसे हमरीतुमरीवर येतात. मी मात्र या ऋतूत संतापलेला असतो. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण वय, वसंत आणि विधुरपण या गोष्टी एकत्र दिसल्या की वाचक लगेच रुमाल शोधू लागतो. रुमाल खिशातच असू द्यावा.

संतापाला कारण आहे. माझ्या नातीचा, मीराचा, वाढदिवस याच दिवसांत येतो. माझी मुलगी केतकी आणि जावई येन्स तिला घेऊन इंगोलश्टाटहून माझ्याकडे येतात. टेबलावर श्पार्गेल येतो, लोण्यात घोळलेले बटाटे येतात, आणि त्यांच्यामागून सत्यनारायणाच्या कथेसारखी, दरवर्षी त्याच शब्दांत, एक गोष्ट येते: बाबांनी आईची इंग्लंडची सहल कशी मोडली.

या गोष्टीचे पाठभेद आहेत. केतकीच्या पाठात मी व्हिसाच्या कचेरीत बोटांचे ठसे देण्यावरून भांडलो, कागद फाडले आणि ताठ मानेने घरी परतलो. येन्सच्या पाठात मी भांडलो नाही. मला इतिहासाने दुखावले होते. येन्स हा सज्जन माणूस आहे आणि सज्जन माणसांनी केलेला अपमान धुऊन निघत नाही. तो चमचा खाली ठेवून, आवाज मऊ करून म्हणतो की दीडशे वर्षांच्या गुलामगिरीनंतर इंग्रजांच्या दारात रांग लावणे एखाद्याला जड जात असेल, तर ते आपण समजून घेतले पाहिजे. तिसरा पाठ साताऱ्याचा. माझे मेहुणे शरदराव फोनवर गरजतात, "दाजी, तुमच्या आजोबांनी विलायती कापडाची होळी केली होती, तुम्ही कशाला जाताय तिकडे! पण ताईला तेवढे वेल्सचे डोंगर दाखवायला हवे होतेत."

एकेकाचा समाचार घेतो. शरदरावांपासून सुरुवात करू, कारण ते सोपे आहेत. वेल्सचे डोंगर तुमच्या ताईला कधीच बघायचे नव्हते. डोंगरांचा वेल्स हा प्रांत वेगळा. मी म्हणतो ते वेल्स म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडातले एक चिमुकले गाव, आणि त्या गावातले सातआठशे वर्षांचे कॅथेड्रल. ज्यांना माणूस कुठे निघाला होता हेच ठाऊक नाही, त्यांनी तो का पोहोचला नाही हे सांगू नये. शिवाय माझ्या आजोबांनी होळी केली ती कापडाची. दगडी कमानींवर त्यांचा काही राग असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

येन्सला माझे उत्तर असे की मी पंप बांधणारा अभियंता आहे. चांगले बांधकाम कोणाच्या बापाचे नसते. ते बांधणाऱ्या गवंड्याला साम्राज्य म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की मनोरा खचतो आहे.

आणि मनोरा खरोखर खचत होता. ही हकीगत मला सुमनने, माझ्या पत्नीने, सांगितली. ती इथल्या पूल बांधणाऱ्या एका कचेरीत आरेखक होती. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेली असताना तिने एका जुन्या मासिकात त्या कॅथेड्रलचे चित्र पाहिले आणि दात न दाखवताच घरी आली. आल्याआल्या श्पार्गेलच्या सालींचा ढीग बाजूला सारून, त्याखालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिने पेन्सिलीने एक कमान काढली. मग त्या कमानीच्या डोक्यावर दुसरी, उलटी. टोकाला टोक. आतल्या बाजूला दोन मोठे गोल डोळे.

"हे काय, कात्री काढलीस?" मी विचारले.

"कात्रीच म्हणतात तिला. अहो, मनोरा उंच करत गेले आणि एका बाजूची जमीन बसली. भेगा पडल्या. दुसऱ्या कुणी पाडून नवा बांधला असता. यांनी खाली तीन बाजूंनी ही उलटी कमान घातली. अजून उभा आहे."

"म्हणजे दुरुस्ती आहे."

"टेकू आहे. पण बघा ना, लोक लांबून लांबून बघायला जातात तो टेकूच. त्याला कुणी टेकू म्हणत नाही."

त्या वसंतात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. उजेड नऊपर्यंत रेंगाळत असे. मागच्या अंगणात जांभळ्या फ्लीडरच्या फुलांचा वास इतका दाट साचे की खिडकी उघडली की तो स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसे. छपराच्या टोकावर तो काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी कर्कश प्रामाणिकपणाने गात राही. सुमन श्पार्गेल सोलून, त्याचे पेरभर तुकडे करून, मोहरी-मिरचीच्या फोडणीत घालून वर शेंगदाण्याचे कूट पेरत असे. जर्मन शेजाऱ्यांनी हे पाहिले असते तर तक्रार झाली असती. जेवता जेवता आम्ही वेल्समध्ये फिरत असू. तिथल्या एका जुन्या जिन्याच्या पायऱ्या पावलांनी झिजून लाटेसारख्या झाल्या आहेत; त्या चढताना माझे गुडघे काय म्हणतील यावर चर्चा होई. तिथल्या घड्याळात दर पंधरा मिनिटांनी घोडेस्वार फिरतात आणि एक बिचारा प्रत्येक वेळी पडतो. "शेकडो वर्षं तोच पडतोय," सुमन म्हणाली, "कुणीतरी त्याची बाजू ऐकली पाहिजे." शेजारच्या खंदकातले हंस भूक लागली की चोचीने घंटा ओढतात. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला पण एक घंटा बसवून देते. ओरडणं तरी वाचेल."

प्रवासाला दशम्या न्यायच्या की नाही यावर मात्र आमचे कडाक्याचे भांडण झाले. मी म्हणालो, विमानात खायला मिळते. ती म्हणाली, मिळते ते मी पाहिले आहे. दशम्या ठरल्या. सोबत लसणाची चटणी ठरली. मी पराभव मान्य केला नाही. केवळ विषय सोडला.

आता केतकीच्या पाठाकडे येतो. मी आजवर भारताचा पासपोर्ट सोडलेला नाही. का सोडला नाही हा माझा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी कोणाला देणे लागत नाही. सुमननेही सोडला नव्हता. तेव्हा इंग्लंडात जायचे तर व्हिसा हवा आणि व्हिसासाठी ड्युसेलडॉर्फला जाऊन दहा बोटांचे ठसे द्यायला हवेत. गेलो. खिडकीवरच्या तरुणाने माझी बोटे काचेवर दाबली, पुसली, पुन्हा दाबली आणि म्हणाला, "तुमचे ठसे उमटत नाहीत."

"उमटणार नाहीत. आयुष्य कारखान्यात गेलं आहे. कागद चाळण्यात गेलेलं नाही."

"मलम लावून बघा."

आवाज चढला. होय, चढला. रांगेतली माणसे वळून पाहू लागली हेही खरे. परंतु मी मलम लावले, दहाही बोटे दिली आणि बाहेर पडून सुमनला त्या शहरातल्या नदीकाठी कॉफी पाजली. व्हिसा आला. दोघांचाही आला. कागद फाडण्याचा प्रसंग घडला नाही. तो कोणी रचला हे मी पुढे सांगणार आहे आणि ते मी फक्त इथेच सांगू शकतो. केतकीला देवनागरी वाचता येत नाही. मराठी तिला कळते, पण उत्तर येते ते जर्मनमधून. लहानपणी रविवारच्या मराठीच्या वर्गाला जायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखत असे. तिच्या या निरक्षरतेवर मी आयुष्यभर चिडत आलो. आज प्रथमच तिचा आडोसा घेतो आहे. ज्या कोणाला हा मजकूर तिला वाचून दाखवण्याची उबळ येईल, त्याने गाठ माझ्याशी आहे हे ध्यानात ठेवावे. शरदराव, वाचा आणि गप्प बसा.

निघण्याचा दिवस अमावस्येला आला होता. तिकिटे मी काढली होती. साताऱ्याहून आलेले कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेले असूनही मी ते पाहिले नव्हते. मी म्हणालो, जेट इंजिनाला तिथी कळत नाही. सुमन वाद घालत बसली नाही. तिने प्रस्थान ठेवायचे ठरवले. प्रस्थान ठेवणे हा प्रकार हल्लीच्या वाचकाला सांगावा लागेल. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड नव्या फडक्यात बांधायचे आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचे. तेवढ्याने प्रवास सुरू झाला असे धरतात. प्रत्यक्ष निघताना त्या घरी थांबून पुरचुंडी उचलायची आणि परत मागे न येता तसेच पुढे जायचे.

"फ्राऊ ब्रांडेसकडे ठेवते," ती म्हणाली. या आमच्या शेजारीणबाई, न्यायालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या.

"विमानतळ उत्तरेला आहे."

"विमान कुठून का उडेना. आपण पश्चिमेला चाललोय. त्यांचं घर पश्चिमेला आहे."

मी खिडकीतून पाहत होतो. सुमन हिरवी, जरीकाठाची साडी नेसून, हातात पिवळ्या फडक्याची पुरचुंडी घेऊन कुंपणापलीकडे गेली. फ्राऊ ब्रांडेस दारात उभ्या राहिल्या. बराच वेळ सुमन समजावत होती, त्या मान डोलावत होत्या, मधूनच बोट वर करून काही विचारत होत्या. साक्ष नोंदवून घ्यावी तसे चालले होते. मी हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो, पण तो माझा मी बघून घेईन.

निघण्याच्या आदल्या दुपारी येन्सचा फोन आला. केतकीचे दिवस भरायला बराच अवधी होता आणि कळा सुरू झाल्या होत्या. सुमनने वेल्ससाठी भरलेली बॅग तशीच उचलली. बॅगेत दशम्या होत्या. मी म्हणालो, मी येतो. ती म्हणाली, "तुम्ही तिथे डॉक्टरांशी भांडाल. घरी बसा. फोन करते." स्टेशनाच्या फलाटावर तिच्या हातात छत्री होती, कारण इंग्लंडात पाऊस असतो.

दुसऱ्या दिवशी, आमचे विमान ढगांवर असायचे त्या सुमारास, तिचा फोन आला.

"पोरगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. एवढीशी आहे, पण मूठ आवळून आहे. तुमच्यावर गेलीय."

"केतकी?"

"बरी आहे. अहो, ऐका. डोळे उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, आई, तुझं विमान आज होतं ना? आणि रडायलाच लागली. माझ्यामुळे राहिलं म्हणाली. मग मी सांगून टाकलं."

"काय सांगून टाकलंस?"

"की ते कधीच मोडलं होतं. बाबांनी व्हिसाच्या ऑफिसात भांडण काढलं, कागद फाडून परत आले. तुमच्या नावावर खपवलं."

"अगं, पण मी..."

"अहो, दुसऱ्या कुणाच्या नावावर खपलंच नसतं! तुमचा स्वभाव पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला." ती हसत होती, आणि हसता हसता आवाज बदलला. "तिला कधी सांगायचं नाही हं. पोर मनाला लावून घेते. उद्या ही चिमुरडीही घेईल. आपण काय, पुढच्या श्पार्गेलला जाऊ."

पुढच्या श्पार्गेलला मीराला खोकला होता. त्याच्या पुढच्याला केतकीची नोकरी होती आणि मीरा सुमनकडे होती. मग सुमनच आजारी पडली, आणि एका हिवाळ्यात, टपऱ्या उभ्या राहायला पुष्कळ अवकाश असताना, ती गेली. गोष्ट मात्र माझ्या नावावर राहिली. तिने रचलेला तो प्रसंग इतका बेतशीर उतरला आहे की आता येन्स त्यात खिडकीवरच्या माणसाचा चेहराही वर्णन करतो. मला संताप येतो तो यासाठी की इतक्या वर्षांत एकाच्याही तोंडून "बाबा असं करणार नाहीत" हे वाक्य निघाले नाही. एकदाही नाही. लेकीने शंका घेतली नाही. मेहुण्याने घेतली नाही. माझा स्वभाव हा जणू सातबाऱ्याचा उतारा. कोणीही काढावा आणि दाखवावा.

यंदा वाढदिवसाला केक कापून झाल्यावर केतकीने काटा खाली ठेवला.

"आल्झो, बाबा. फिंग्स्टनच्या सुट्टीत आम्ही वेल्सला चाललोय. आईसाठी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही तिघं. तुला व्हिसा लागेल. पुन्हा ती बोटं, पुन्हा ते सगळं. तुला नको असेल ना ते? आम्ही तिथे मेणबत्ती लावू आणि तिला सांगू, बाबांनी नाही आणलं, पण उशिरा का होईना, आम्ही आणलं."

येन्स मऊ आवाजात म्हणाला, "आम्ही तुम्हाला समजू शकतो, बाबा. इतिहास..."

"येन्स, तू बटाटे घे."

जिभेवर वाक्य आले होते. एकच वाक्य. त्या वाक्याने तिन्ही पाठ एका फटक्यात जमीनदोस्त झाले असते आणि मला माझे नाव धुऊन परत मिळाले असते. तेवढ्यात मीराने, केकवरचे क्रीम बोटाने चाटत, विचारले, "आजी कधी जाणार होती?"

"तू जन्मलीस ना, त्या वसंतात," केतकी म्हणाली.

"गेनाऊ? अगदी तेव्हाच?"

केतकी थांबली. तिच्या कपाळावर एक आठी उमटली. ती आठी मी ओळखतो. नकाशावरची दोन मापे जुळेनाशी झाली की सुमनच्या कपाळावर तीच येत असे. आणखी क्षणभर तिला मोकळे सोडले असते तर तिने हिशेब लावला असता. मी टेबलावर मूठ आपटली.

"श्पार्गेल जास्त शिजलाय! कोंब आहे की चिंधी? इतकी वर्षं या देशात राहून पाणी कधी उतरवायचं तेवढंही कळत नाही?"

आठी गेली. तिच्या जागी तो जुना, ओळखीचा वैताग आला. "बघ. हेच. आई अगदी हेच सांगायची." मीरा टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवून हसत होती. श्पार्गेल उत्तम शिजला होता. हे इथे लिहून ठेवतो, कारण अन्नाची खोटी निंदा मी सहसा करत नाही.

"आणि चौथं तिकीट काढा," मी म्हणालो. "तुम्ही तिघंही त्या कमानीबद्दल चुकीचं वाचून जाल. कोणीतरी जाणता माणूस बरोबर हवा."

"व्हिसा?"

"देईन बोटं. दहाही देईन."

उजेड अजून होता. मी कुंपण ओलांडून फ्राऊ ब्रांडेसच्या दारावरची घंटा वाजवली आणि सरळ मागणी केली की माझ्या पत्नीची ठेव परत करावी. त्यांना विचारावे लागले नाही कोणती. काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कपबश्यांशेजारी, पिवळी पुरचुंडी होती. फडक्याचा रंग उतरला होता, पण धूळ नव्हती. मी हात पुढे केला. त्यांनी कपाट लावून घेतले.

"तुम्ही आत्ता निघालात का?"

"आत्ता नाही. महिन्याभरानं."

"मग महिन्याभरानं या. सामान हातात घेऊन. इथून उचलायचं आणि घरी परत जायचं नाही. तुमच्या बायकोनं मला स्पष्ट सांगितलं होतं."

"फ्राऊ ब्रांडेस, ती माझी बायको होती. प्रथा आमची आहे."

"असेल. पण ठेवून घेतलं मी आहे."

मी पुष्कळ वाद घातला. शास्त्राप्रमाणे प्रस्थान थोड्याच दिवसांत शिळे होते, तेव्हा तसेही त्यात काही उरलेले नाही, असाही मुद्दा काढला. त्यावर त्या म्हणाल्या की असे काही सुमनच्या बोलण्यात आले नव्हते. तिने एवढेच सांगितले होते की हे इथे आहे तोवर आम्ही वाटेवर आहोत. इतक्या वर्षांत सुमनने मला बजावले ते सारे मी शब्दशः पाळत आलो होतो आणि कुंपणापलीकडे आणखी एक व्यक्ती तेच करीत होती, हे मला ठाऊक नव्हते. मी रागाने दार ओढून घेतले. दार त्यांचे होते.

ड्युसेलडॉर्फला जाऊन आलो आहे. या वेळी मलम घरूनच लावून गेलो. तरीही ठसे उमटायला चार खेपा लागल्या आणि मी काय बोललो ते इथे छापण्याजोगे नाही. पासपोर्ट अजून आलेला नाही. टपऱ्यांवरचे कोंब आता बारीक होऊ लागले आहेत, फ्लीडरचा बहर तपकिरी पडला आहे. पीठ आणून ठेवले आहे. दशम्या कशा करतात हे शरदरावांच्या पत्नीला फोनवर विचारले, तिने सांगितले आणि वर विचारले, "अहो, विमानात मिळत नाही का खायला?" मिळते ते मी पाहिले आहे.

पासपोर्ट आला की त्या सकाळी बॅग घेऊन पश्चिमेच्या दाराशी उभा राहीन आणि पुरचुंडी उचलून मागे न बघता निघेन. तिथे पोहोचल्यावर मुलांनी मेणबत्ती लावावी, तिला काय सांगायचे ते सांगावे. मी मधे बोलणार नाही. त्यांचे झाले की मी त्या उलट्या कमानीखाली, दोन गोल डोळ्यांच्या मधोमध उभा राहणार आहे आणि सुमनशी भांडणार आहे. खपवण्याबद्दल, हसण्याबद्दल, पुढच्या श्पार्गेलबद्दल. आवाज लहान ठेवणार नाही. इतक्या मोठ्या दगडी पोकळीत तो घुमेल, माणसे वळून बघतील, आणि केतकी येन्सच्या कानाशी म्हणेल की बाबांनी इथेही भांडण काढले.

म्हणू दे.